डॅश वॉल

"सर, प्रोग्रॅम चालत नाहीये."

"काय म्हणतोय?"

"काहीतरी एरर देतोय."

"काहीतरी म्हणजे? दारात पोस्टमन येऊन तार देऊन गेला, तर 'काहीतरी कागद होता' म्हणून बंबात घालतोस का? वाच. मोठ्यानं वाच. ओळ नंबरासकट."

सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये २००५ साली हा संवाद दर प्रॅक्टिकलला किमान वीसदा होत असे. विचारणारा दर वेळी वेगळा, उत्तर देणारे सर तेच. हजेरीपटावर त्यांना रीतसर नाव, आडनाव आणि दोन पदव्या होत्या. पण आमच्या आधीच्या कुठल्यातरी बॅचनं त्यांना 'डॅश वॉल' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव इतकं चिकटलं की ऑफिसातला क्लार्कसुद्धा "डॅश वॉलांकडं सही घ्या" म्हणायचा.

नावाचं कारण साधं. सी भाषेतला प्रोग्रॅम कंपाइल करायचा म्हणजे काळ्या पडद्यावर जीसीसी, मग डॅश वॉल, मग डॅश ओ, मग नाव, मग फाइल अशी एक ओळ टाईप करायची. ती ओळ सर तोंडानं सांगायचे. सत्यनारायणाला भटजी 'पळीभर पाणी सोडा' म्हणतात त्या चालीत: "जीसीसी, स्पेस द्या. डॅश वॉल, स्पेस द्या. डॅश ओ, स्पेस द्या..." स्पेस विसरणाऱ्याला पुन्हा संकल्पापासून सुरुवात. 'वॉल' म्हणजे भिंत नव्हे, वॉर्निंग ऑल: सगळे इशारे दाखव. गंमत अशी की त्यानं सगळे इशारे दिसतच नाहीत; उरलेल्यांतल्या काहींसाठी डब्ल्यू एक्स्ट्रा म्हणून निराळा डॅश द्यावा लागतो. एकानं धीर करून विचारलं, "सर, मग ऑल कशाला म्हणायचं?" सर म्हणाले, "लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' लिहितात. म्हणून सगळं खानदान घेऊन जातोस काय?"

अशी माणसं प्रत्येक कॉलेजात एक असतात. दोन असली तर त्यांचं आपसांत बोलणं नसतं, कारण एक व्हीआय वापरतो आणि दुसरा ईमॅक्स. आमच्याकडे एकच होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन आणि पेनामागं फ्लॉपी. स्वतःच्या मशीनचा माऊस त्यांनी मॉनिटरमागच्या खिळ्याला शेपटीनं टांगून ठेवला होता. मेलेला उंदीर टांगतात तसाच. टेबलावर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं कर्निगन आणि रिची यांचं पुस्तक. हे पुस्तक पहिल्यांदा १९७८ साली निघालं आणि त्याची दुसरी आवृत्ती पावणेतीनशे पानांचीसुद्धा नाही, ही गोष्ट सर अशा आवाजात सांगत की आपल्या दप्तरातल्या जाड पुस्तकाची आपल्याला लाज वाटावी. आमच्या दप्तरात अर्थातच नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' असे. महाराष्ट्रात त्या काळी इंजिनिअर झालेल्या कुणाच्या दप्तरात ते नव्हतं, हे मला एखाद्यानं दाखवून द्यावं.

सरांचा खरा दावा होता तो निळ्या पडद्यावर. निळा पडदा म्हणजे टर्बो सी. बोर्लंड कंपनीनं १९८७ साली काढलेला, डॉसवर चालणारा, लिहिणं आणि कंपाइल करणं एकाच खिडकीत बसवणारा. काढला तेव्हा तो खरोखरच सुंदर होता, हे सरसुद्धा मान्य करत. पण बोर्लंडनं तो केव्हाच टाकून दिला आणि आपल्या अभ्यासक्रमानं मात्र सांभाळला. डोहाळजेवणाची साडी म्हातारपणापर्यंत ट्रंकेत ठेवावी तसा. बाजूच्या लॅबमध्ये तोच चाले. कंट्रोल एफ नऊ दाबलं की झालं, काय झालं ते विचारायचं नाही. त्या लॅबमधली पोरं सुखी होती. प्रोग्रॅमच्या डोक्यावर कोनिओ डॉट एच, पोटात क्लियरस्क्रीन, शेपटाला गेटसीएच, आणि सुरुवात व्हॉइड मेननं. या चारही गोष्टी सरांच्या लॅबमध्ये गुन्हा होत्या. पहिल्या तीन जीसीसीलाच माहीत नव्हत्या. चौथीला तो इशारा देऊन सोडून देई, पण सर सोडत नसत. माझ्या एका मित्राकडून त्यांनी व्हॉइड मेनपायी चौदा प्रॅक्टिकल्सचं जर्नल पुन्हा लिहून घेतलं होतं. हाताने. मला वाटतं हे जरा जास्तच झालं. अजूनही वाटतं.

पण टर्बो सीवरचा त्यांचा मुख्य आरोप पगाराचा होता. तिथे इंट दोन बाइटचा, म्हणजे ३२,७६७ च्या वर आकडा गेला की उलटतो. "बेसिक ४०,००० भर," सर सांगत. भरल्यावर पडद्यावर उणे २५,५३६ येई. "बघा. महिनाभर शिकवून वर आपणच संस्थेला साडेपंचवीस हजार द्यायचे." यावर स्टाफरूममध्ये कुणी हसत नसे, असं ऐकलंय.

सरांचं मशीन लिनक्सवर चाले. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यांनी सबंध लॅबला ते घातलं होतं. रविवारी, स्वतः बसून, एकेका मशीनला. जीसीसी रिचर्ड स्टॉलमननं १९८७ सालीच बाहेर काढला, टर्बो सीच्याच वर्षी, हा योगायोग ते फार चवीनं सांगत. "दोघं एकाच वर्षाचे. एक पेन्शनीत गेला, दुसऱ्याला अजून दरवर्षी नवीन दात फुटतायत."

आता ते शिकवत कसे, ते सांगतो, कारण त्यातच माणूस दिसतो. जीसीसी कंपाइलर आहे असं कुणी म्हटलं की ते हात वर करून थांबवत. "जीसीसी आचारी नव्हे. केटरर आहे. ऑर्डर घेतो आणि माणसं लावतो." मग फळ्यावर चार गोल. पहिला निवडणं-टिपणं करणारा, प्रीप्रोसेसर: इन्क्लूड दिसलं की ती फाइल आणून तिथे ओततो, आणि आपला पाच ओळींचा हॅलो वर्ल्ड शेकडो ओळींचा होतो. डॅश मोठा ई दिला की हे डोळ्यांनी दिसतं. सरांनी ते दाखवलं तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी खरंच घाबरली होती. दुसरा मुख्य आचारी, तो सीचं असेंब्लीत करतो. तिसरा असेंबलर, तो त्याची ऑब्जेक्ट फाइल करतो. चौथा लिंकर, म्हणजे वाढपी. ठिकठिकाणचे पदार्थ आणून एका पानात वाढणं त्याचं काम.

"आता अनडिफाइन्ड रेफरन्स टू स्क्वेअर रूट अशी एरर आली. कोण बोललं?"

"कंपाइलर, सर."

"नाही! वाढपी! तो ओरडतोय की पानात वाढायला मठ्ठा कुठाय. आणि तुम्ही शिव्या देताय आचाऱ्याला."

"पण सर, मॅथ डॉट एच लिहिलंय की."

"पत्रिकेत नाव छापलं म्हणजे माणूस मांडवात येऊन बसला काय? मॅथ डॉट एच ही पत्रिका. माणसाला आणायला गाडी पाठवावी लागते. डॅश एल एम. आणि ती ओळीच्या शेवटी. आधी पाठवलीत तर तो येऊन बघतो, कुणी विचारत नाही, परत जातो."

वीस वर्षं झाली. या काळात मी दोन कंपन्या आणि तीन भाषा बदलल्या, पण लिंकरची एरर दिसली की मला अजून हातात मठ्ठ्याची बादली घेतलेला माणूस दिसतो.

डॅश ओ नाही दिला तर तयार प्रोग्रॅमचं नाव ए डॉट आउट पडतं. म्हणजे असेंबलर आउटपुट. वास्तविक ती फाइल असेंबलर नव्हे, शेवटी लिंकर बनवतो. पण युनिक्सच्या अगदी पहिल्या दिवसांत पडलेलं नाव राहून गेलं. "गावची पाटिलकी गेली तरी आडनाव पाटीलच," सर म्हणत, आणि वर्गातले सहा पाटील एकमेकांकडे बघत. या ए डॉट आउटनं आमचे फार हाल केले. नवा प्रोग्रॅम कंपाइलच झालेला नसायचा, एरर वाचायची सवय नाही, आणि डिरेक्टरीत कालचा ए डॉट आउट तसाच पडलेला. तो चालवायचा. विचारलं फॅक्टोरियल आणि उत्तर येतं 'नॉट अ पॅलिंड्रोम'. सर मागून येऊन म्हणत, "कालचं पातेलं न घासता आज चहा ठेवलास."

चालवायची रीतही तिरपागडी. नुसतं नाव टाईप केलं की 'कमांड नॉट फाउंड'. आधी डॉट, मग स्लॅश. कारण हाक मारली की शेल सगळा गाव शोधतो, आपल्याच ओसरीवर तेवढा बघत नाही. 'इथलाच' असं त्याला बजावून सांगावं लागतं. आमच्यातल्या एका हुशारानं प्रोग्रॅमचं नाव ठेवलं टेस्ट, आणि डॉट स्लॅश न देता टेस्ट म्हणून एंटर मारला. काहीच झालं नाही. एरर नाही, उत्तर नाही. पुन्हा मारला. पुन्हा काही नाही. तो अर्धा तास स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होता. टेस्ट नावाची शेलची स्वतःचीच एक कमांड असते आणि ती काम करून गुमान गप्प बसते, हे सरांनी त्याला त्या अर्ध्या तासानंतर सांगितलं. आधी नाही. सर त्याच्या मागेच उभे होते.

वर्डचा किस्सा तर सगळ्या बॅचला पाठ होता. मुलं जर्नल वर्डमध्ये टाईप करत आणि तिथून प्रोग्रॅम उचलून चिकटवत. वर्ड हा सभ्य कारकून: साध्या अवतरणचिन्हांना बाक देतो, आखूड डॅश लांब करतो. कागदावर फार छान दिसतं. जीसीसीला ते चालत नाही. एका बाकदार अवतरणामागं तो तेव्हा तीन तक्रारी करायचा: स्ट्रे ३४२, स्ट्रे २००, स्ट्रे २३४. कारण ते एक चिन्ह आत तीन बाइटचं असतं. आणि लांब डॅश लावून वॉल लिहिलं तर त्याला तो पर्याय वाटतच नाही, फाइल वाटते, आणि तो म्हणतो, 'वॉल' नावाची फाइल सापडली नाही. पडद्यावर दोन्ही डॅश सारखेच दिसतात. मी डोळे फोडून बघितले, दिसतात सारखेच. सर लांबूनच म्हणाले, "मेलेल्या डॅशला जिवंत कर," आणि पुढं गेले.

सरांचं मुख्य तत्त्वज्ञान मात्र गप्पपणाचं. जीसीसीला सगळं पटलं तर तो एक अक्षर बोलत नाही. पाटी खाली सरकते, प्रॉम्प्ट येतो, बस. शाबास नाही, 'सक्सेस' नाही. बाजूच्या लॅबमधली चौकट तरी 'प्रेस एनी की' म्हणते. आम्हाला हे फार लागायचं. तास-दीड तास झगडून एकदाचा प्रोग्रॅम कंपाइल व्हावा आणि पलीकडून कुणी हूंसुद्धा म्हणू नये? सर म्हणत, "तो गप्प बसला की समजायचं काम झालं. बोलायला लागला की आपलं काहीतरी चुकलंय. आणखी काय पाहिजे, हार घालू का?"

हेच तत्त्व घरी चाले. एकदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं त्यांच्याकडं सीडी परत द्यायला गेलो होतो. काकूंनी चकल्या दिल्या आणि सर आत गेल्यावर म्हणाल्या, "तुमच्या सरांचं एक बरंय. स्वयंपाक जमला तर चकार शब्द काढत नाहीत. मीठ कमी पडलं तर कुठल्या घासाला ते सांगतात." सर राहत त्या अपार्टमेंटच्या मीटिंगमध्येही एकदा पाणी येत नाही, मोटर जळाली, लिफ्ट बंद, जिन्यात अंधार, बिल दुप्पट अशा सतरा तक्रारींची यादी वाचली गेली. सर उठून म्हणाले, "पहिली वाचा. बाकीच्या सोडा." सेक्रेटरी भडकले. पण शेवटी इलेक्ट्रिशियन आला आणि त्यानं मीटररूममध्ये एकच वायर बदलली. सरांनी हे आम्हाला वर्गात सांगितलं, दोनदा. पहिली एरर दुरुस्त करा, मग पुन्हा कंपाइल करा. खालच्या चाळीसपैकी पस्तीस तिचीच पिल्लं असतात. ही गोष्ट सीला लागू आहे, इमारतीला लागू आहे, आणि त्यांच्या मते स्टाफ मीटिंगलाही लागू होती. पण तिथं पहिली एरर कोण हे सगळ्यांना माहीत असल्यामुळं बोलता येत नसे.

अशा माणसाचं एक्स्टर्नलशी जमणं शक्यच नव्हतं. ओरलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमच्या बॅचच्या मुलीला विचारलं: आय पाच असताना आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय किती? हा प्रश्न कॅम्पस इंटरव्ह्यूपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडं विचारला जाई. तिनं सरांनी शिकवल्याप्रमाणे सांगितलं, "अनडिफाइन्ड आहे." एक्स्टर्नलना बारा हवे होते. ते म्हणाले, "उत्तर येत नसेल तर तसं सांगावं." झालं. इंटर्नल म्हणून शेजारी बसलेले सर उठले. भर ओरलमध्ये मशीन चालू केलं, ती एक ओळ लिहिली, डॅश वॉलनं कंपाइल केली आणि पडद्याकडं बोट दाखवलं. इशारा आला होता: ऑपरेशन ऑन आय मे बी अनडिफाइन्ड.

एक्स्टर्नलनी चष्मा लावून वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "मे बी म्हटलंय."

सरांना उत्तर सुचलं नाही. माझ्या माहितीत ते एकदाच.

आता मार्च महिन्यातली ती रात्र. टर्मवर्कचे मार्क काढायला सरांनी स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम होता, मार्क्स डॉट सी. अकराशे ओळींचा, गेल्या बारा वर्षांत वाढवत नेलेला. हजेरी, जर्नल, उशिरा सबमिशनची कपात, ओरल, सगळं त्यात. डिपार्टमेंटच्या पाचशे मुलांचे मार्क त्यातून निघत आणि तो चुकत नसे. दुसऱ्या दिवशी नव्हे, परवा यादी जायची होती. सरांनी ग्रेस मार्कांचा नवा नियम तपासायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, ग्रेस डॉट सी. तो कंपाइल करायचा, नाव द्यायचं ग्रेस. आम्ही पाच-सहा जण तिथंच होतो, प्रोजेक्टच्या निमित्तानं. खरं तर लॅबला यूपीएस होता आणि होस्टेलला भारनियमन, म्हणून. सर सवयीनं मोठ्यानं म्हणत होते: "जीसीसी, डॅश वॉल, डॅश ओ..." आणि इथं बोटांनी दगा दिला. डॅश ओच्या पुढं बारा वर्षं ज्या नावाची सवय, तेच बोटांतून आलं. एम, ए, टॅब. टॅब दाबली की शेल उरलेलं नाव भरून देतो. तयार प्रोग्रॅम असता तर तो 'मार्क्स'वर थांबला असता. पण तो सकाळीच सरांनी पुसला होता, आणि एम ए नं सुरू होणारी डिरेक्टरीत एकच फाइल उरली होती. शेलनं ती भरली. मार्क्स डॉट सी. पुढं सरांनी ग्रेस डॉट सी टाईप केलं आणि एंटर मारला.

जीसीसी काही बोलला नाही.

कशाला बोलेल? त्याला सांगितलं होतं, ग्रेसचा प्रोग्रॅम बनव आणि मार्क्स डॉट सी नावाच्या फाइलीत ठेव. त्यानं ठेवला. आधी त्या फाइलीत काय होतं हे विचारणं त्याच्या कामात बसत नाही. आत आणि बाहेर एकच फाइल दिली असती तर हल्लीचा जीसीसी अडवतो. पण दोन वेगळी नावं दिल्यावर तो कशाला मध्ये पडेल? सरांनी डॉट स्लॅश ग्रेस मारलं. नो सच फाइल. मग एलएस. मग त्यांनी मार्क्स डॉट सी उघडली, आणि पडद्यावर जे आलं ते सी नव्हतं, कुठलीच भाषा नव्हती. सुरुवातीला ईएलएफ एवढी तीन अक्षरं ओळखू येत होती.

लॅबमधले मामा दार लावायला आले होते. त्यांनी सरांचं तोंड बघितलं आणि विचारलं, "घरचं कुणी आजारी हाय का, सर?"

"नाही मामा. मी सांगितलं, ते त्यानं केलं."

फ्लॉपीवर जुनी प्रत होती. फ्लॉपी म्हणाली, मी वाचली जाणार नाही. मग सर उठले, कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून डॉट मॅट्रिक्सच्या रुंद कागदाची घडी काढली. दोन्ही कडांना भोकं, फिकट हिरव्या पट्ट्या, अठरा पानं. गेल्या वर्षीचा छापलेला मार्क्स डॉट सी. नंतर केलेले बदल समासात पेन्सिलीनं. कागदावर छापून ठेवण्याच्या सवयीबद्दल आम्ही त्यांची दोन वर्षं टिंगल केली होती.

पानं वाटली. मला पहिली तीन आली. रात्री साडेदहापर्यंत टाईप केलं, मामांनी चहा आणून दिला, यूपीएसची बॅटरी बोंबलायला लागली तशा फाइली सेव्ह करून मशीनं बंद केली, आणि सकाळी सातला परत आलो. नऊला सगळे तुकडे एकाला एक जोडून सरांनी कंपाइल केलं. पडदा नुसता पळत सुटला, एरर, एरर, एरर. एकानं त्या एररी फाइलीत उतरवून घ्यायला ग्रेटर दॅनचं चिन्ह लावलं. फाइल रिकामी, एररी तरीही पडद्यावर. एररींची मोरी वेगळी असते, तिला टू ग्रेटर दॅन लिहून वेगळं वळवावं लागतं. हेही सरांनी शिकवलं होतं. आम्ही विसरलो होतो.

"पहिली वाच," सर म्हणाले.

"टू ऑर मोअर डेटा टाइप्स इन डिक्लरेशन स्पेसिफायर्स. ओळ ३१."

ओळ ३१ वर 'फ्लोट सरासरी' असं फंक्शन सुरू होत होतं. ती ओळ वाचायला मला दोन मिनिटं लागली. ती निर्दोष होती. मग पान दोन, पान तीन, सगळं बघितलं. मी म्हणालो, पुढच्या पानांत कुणीतरी घोळ घातलाय. पुढची पानं टाईप करणारा माझा रूममेट. त्याचं आणि माझं तिथंच वाजलं.

सर माझ्या खांद्यावरून वाकले. "बोंब जिथं ठोकली तिथंच चोरी झाली असं नसतं. एक ओळ वर बघ."

ओळ ३० वर स्ट्रक्ट स्टुडंटचा शेवटचा महिरपी कंस होता. त्याच्यापुढं सेमीकोलन नव्हता. कंसानंतर सेमीकोलन नाही म्हणून कंपाइलरनं खालचा फ्लोट त्याच स्ट्रक्टला जोडून वाचला, आणि एका जागी दोन प्रकार बघून तो गांगरला. मी सेमीकोलन टाकला. पुन्हा कंपाइल. तीन पडदे भरून येणाऱ्या एररी नऊवर आल्या. रूममेटकडं बघायचं मी टाळलं.

उरलेल्या नवांतल्या सहा माझ्या नव्हत्या. साडेअकराला सरांनी शेवटचा एंटर मारला आणि जीसीसी गप्प बसला. आम्ही आठही जण, मामा धरून, त्या प्रॉम्प्टकडं बघत राहिलो. सर काही बोलले नाहीत. त्यांनी कपाटातून कोरी फ्लॉपी काढली, त्यावर एक प्रत घेतली, दुसरी घेतली, मग प्रिंटर लावला आणि अठरा पानं पुन्हा छापली.

यादी वेळेत गेली. मला २५ पैकी १६ पडले. उशिरा सबमिशनची कपात लावणारं फंक्शन मीच टाईप केलेल्या तिसऱ्या पानावर होतं. मी ते ओळीनं तपासलं. बरोबर होतं.